तत्त्वनिष्ठ आणि व्यवहारवादी : फूट नेमकी कुठे पडते

प्रश्न असा आहे : चळवळीत किंवा सरकारात तत्त्वाला चिकटून राहणारा एक गट आणि ‘मिळेल ते पदरात पाडून पुढे जाऊ’ म्हणणारा दुसरा गट, असे दोन तट पडतातच का? त्यातला बरोबर कोण? आणि पक्ष फुटू द्यायचा नसेल तर नेमकं काय करावं लागतं?

तट पडतातच, आणि पडले म्हणून बिघडत नाही. फूट वेगळ्याच ठिकाणी पडते. पहिली सवलत घ्यायची की नाही यावर भरपूर वाद होतात, ठराव होतात, मतदान होतं. पण ती घेतल्यावर दुसरी घ्यायची का, तिसरी कुठे नाकारायची आणि हे कोणी ठरवायचं, याबद्दल कागदावर एक ओळही नसते. पक्ष फुटतो तो या कोऱ्या जागेवर. ‘तत्त्व विरुद्ध व्यवहार’ हे नाव त्या भांडणाला नंतर दिलं जातं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे काँग्रेसच्या आतच निघालेला, १९२२ ते १९२६ मधला स्वराज्य पक्ष. जहाल-मवाळ वाद आणि १९०७ चं सुरत मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असतं. पण सुरतेत वाटून घ्यायला मंत्रिपदं नव्हती. स्वराज्य पक्षाच्या वाट्याला पदं, पगार, सरकारी समित्या, सभागृहातली मोजणी असं सगळं आलं. त्यामुळे सत्तेच्या दारात पक्षाचं काय होतं हे तिथे पायरीपायरीने पाहता येतं. शिवाय ती फूट मुख्यतः मराठी मुलखात पडली : पुणे, मुंबई, नागपूर आणि वऱ्हाड.

आधी रिंगण समजून घ्या. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे होती. अर्थ, पोलीस, जमीनमहसूल ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. म्हणजे शाळा काढायचं काम मंत्र्याचं आणि त्यासाठी पैसे द्यायचे की नाही हे दुसऱ्याच्या हातात. कायदेमंडळाने राखीव खात्याची मागणी फेटाळली तरी गव्हर्नर ती स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शके, आणि केंद्रात व्हाइसरॉयला तशीच सोय होती. असा कोणताही वाद समजून घेताना पहिला हिशेब हाच मांडावा : जे पद घ्यायचं की नाही यावर भांडण चाललं आहे, त्या पदावरून काय करता येतं आणि काय अडवता येतं? १९२० च्या दशकात उत्तर असं होतं की करता येण्यासारखं थोडंच आहे, आणि अडवलं तर सरकारची फक्त नाचक्की होते. हे उत्तर दोन्ही गटांना ठाऊक होतं. त्यावरून काय करायचं, एवढ्यावरच मतभेद होता.

टिळकांनी डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरला प्रतियोगी सहकारितेची (सरकार जेवढं सहकार्य करील तेवढंच आपणही करायचं) भूमिका मांडली होती आणि एप्रिल १९२० मध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढून निवडणुकीची तयारीही सुरू केली होती. १ ऑगस्टला ते गेले. सप्टेंबरात कलकत्त्याला असहकार मंजूर झाला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला. महाराष्ट्रातल्या टिळकपंथीयांनी तो पाळला, पण मनाविरुद्ध. हे लक्षात ठेवलं नाही तर १९२५ चं बंड अचानक झाल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी चळवळ थांबवली आणि मार्चमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे काय करायचं हे पाहायला काँग्रेसने चौकशी समिती नेमली. सहा सदस्यांची ही समिती कौन्सिलप्रवेशाच्या, म्हणजे निवडणूक लढवून कायदेमंडळात जायचं की नाही या प्रश्नावर बरोबर तीन-तीन अशी दुभंगली. हकीम अजमलखान, मोतीलाल नेहरू आणि विठ्ठलभाई पटेल प्रवेशाच्या बाजूने, डॉ. अन्सारी, राजगोपालाचारी आणि कस्तुरीरंग अय्यंगार विरोधात. अजमलखान आणि अन्सारी हे दिल्लीतले जिवलग सहकारी. ते दोन बाजूंना. विठ्ठलभाई फेरवादी (धोरण बदलून कौन्सिलात जावं म्हणणारे) आणि त्यांचे सख्खे भाऊ वल्लभभाई कट्टर नाफेरवादी (बहिष्कार कायम ठेवा म्हणणारे). घर, धर्म, प्रांत, वय यांवरून कोण कुठल्या बाजूला जाईल हे सांगता आलं नसतं. जिथे गट जातीवरून किंवा जिल्ह्यावरून आधीच ओळखू येतात, तिथे वाद बहुधा वेगळाच असतो आणि तत्त्वाची भाषा वरून चढवलेली असते.

डिसेंबर १९२२ च्या गया अधिवेशनात कौन्सिलप्रवेशाच्या बाजूला ८९० मतं पडली, विरोधात जवळपास दुप्पट. अध्यक्ष चित्तरंजन दास यांनी राजीनामा दिला आणि काँग्रेसच्या आतच स्वराज्य पक्ष काढला. इथे एक नेहमीचा गैरसमज दूर करायला हवा. नाफेरवादी म्हणजे नुसते तत्त्वाचे लोक नव्हते. त्यांचा मुख्य मुद्दा रोकडा होता : तालुक्यात खादी आणि राष्ट्रीय शाळा चालवणारा कार्यकर्ता एकदा निवडणुकीच्या कामाला लागला की परत येत नाही. आणि फेरवादी नुसते व्यवहारी नव्हते; आत जाऊन कौन्सिलं मोडायची असं त्यांचं म्हणणं होतं, जे शब्दांपुरतं तरी बहिष्काराहून जहाल होतं. दोन्ही बाजूंना तत्त्व असतं आणि दोन्हीकडे हिशेब असतो. एका बाजूला फक्त तत्त्व दिसत असेल तर पाहणाऱ्याने त्या बाजूचा जमाखर्च पाहिलेला नाही.

सप्टेंबर १९२३ मध्ये दिल्लीच्या खास अधिवेशनाने निवडणूक लढवायची मुभा दिली आणि नोव्हेंबरात मतदान झालं. तयारीला जेमतेम दोन महिने मिळूनही मध्यवर्ती विधिमंडळातल्या लोकनियुक्त जागांपैकी ४० हून अधिक स्वराज्य पक्षाला मिळाल्या. बंगालमध्ये तो सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात त्याला स्पष्ट बहुमत मिळालं. मध्यप्रांतात पक्षाने मंत्रिपदं नाकारली आणि १९२४ च्या अंदाजपत्रकात मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला. द्विदल राज्यपद्धती तिथे बंद पडली. सोपीव खातीही गव्हर्नरला स्वतःकडे घ्यावी लागली. बंगालमध्येही मंत्र्यांचे पगार नामंजूर झाले. शब्द दिला तसं वागणं इथवर शक्य झालं, कारण मध्यप्रांतात बहुमत स्वतःचं होतं.

दिल्लीत ते नव्हतं, आणि घसरण तिथूनच सुरू झाली. सरकारला हरवायचं तर जीनांसारख्या अपक्षांची मतं लागत. मार्च १९२४ मध्ये वित्त विधेयक फेटाळण्यापर्यंत ही युती टिकली. व्हाइसरॉयने विधेयक आपल्या अधिकारात संमत केलं. पण अपक्षांना सरसकट अडवणूक नको होती. प्रत्येक विधेयक गुणावर पाहायचं होतं. मित्राचं मत हवं असेल तर मित्राची कसोटीही घ्यावी लागते. जून १९२४ मध्ये पोलाद उद्योगाला संरक्षण देणारं विधेयक आलं. टाटांचा कारखाना परदेशी पोलादापुढे टेकीला आला होता, आणि स्वराज्य पक्षाने विधेयकाला साथ दिली. माझ्या मते ते बरोबरच होतं. पण त्या दिवसापासून ‘सतत आणि सरसकट अडवणूक’ हे वाक्य खरं उरलं नाही, आणि ते बदलण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. शब्द जुने, वागणूक नवी. पुढे भांडण झालं की प्रत्येकाला सोयीचा दाखला मिळतो तो अशा वेळी.

पुढच्या पायऱ्या १९२५ च्या एकाच वर्षात आल्या. लष्करात हिंदी अधिकारी नेमण्याबाबतच्या स्कीन समितीचं सदस्यत्व खुद्द मोतीलालजींनी घेतलं. जूनमध्ये दास दार्जिलिंगला वारले. दोन्ही बाजूंना एकत्र धरू शकणारा माणूस गेला. ऑगस्टमध्ये विठ्ठलभाई मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष म्हणून अगदी निसटत्या मताधिक्याने निवडून आले. आणि ऑक्टोबरमध्ये मध्यप्रांत कौन्सिलचे स्वराज्यवादी अध्यक्ष, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं. दीड वर्षापूर्वी याच प्रांतात पक्षाने मंत्र्यांचा पगार दोन रुपये केला होता.

मोतीलालजी खवळले. पक्षातलेच मराठी नेते न. चिं. केळकर आणि मुकुंदराव जयकर यांनी उलटा सवाल केला : विठ्ठलभाईंची खुर्ची चालते, तुमची समिती चालते, मग तांब्यांचंच काय चुकलं? सडका अवयव कापून टाकावा लागेल, अशा आशयाचं उत्तर आलं. वर्षअखेरीस केळकर, जयकर, डॉ. मुंजे यांनी राजीनामे दिले. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला प्रतियोगी सहकारवाद्यांनी आपला वेगळा पक्ष उभा केला.

इथे कोण बरोबर होतं? निवडणुकीने मिळालेली अध्यक्षाची खुर्ची आणि गव्हर्नरने दिलेलं कार्यकारी मंडळाचं पद यांत खरा फरक आहे. पहिल्यात माणूस सभागृहाला बांधील असतो, दुसऱ्यात सरकारला. म्हणजे मोतीलालजींनी आखलेली रेघ योग्य जागी होती. पण ती त्यांनी तांब्यांनी पद घेतल्यावर आखली. ‘सभागृहाने निवडलेलं पद चालेल, सरकारने नेमलेलं चालणार नाही’ एवढं एक वाक्य जुलै १९२५ मध्ये पक्षाच्या कार्यकारिणीने मंजूर केलं असतं तर तांबे नियम मोडणारे ठरले असते. ते नव्हतं, म्हणून पुण्या-नागपुरात हे अलाहाबादच्या नेत्याने मराठी माणसांवर केलेलं दडपण वाटलं. नियम नसला की शिस्त ही व्यक्तीची मर्जी दिसते, आणि तत्त्वाच्या वादात प्रांताचा अभिमान मिसळतो. एकदा तो मिसळला की युक्तिवादाने काही सुटत नाही.

समेटाचा प्रयत्नही झाला. १९२६ च्या उन्हाळ्यात साबरमतीला करार झाला : मंत्र्यांना काम करण्यापुरते पुरेसे अधिकार, जबाबदारी आणि पुढाकार मिळत असेल तर मंत्रिपद घ्यावं. ‘पुरेसे’ म्हणजे किती? ते प्रांतातल्या काँग्रेस सदस्यांनी ठरवायचं आणि त्यावर शिक्कामोर्तब करायचं मोतीलाल नेहरू व जयकर या दोघांच्या समितीने. भांडणाऱ्या दोन बाजूंची दोन माणसं, आणि तिसरं कोणी नाही. करार काही आठवड्यांतच मोडला. तडजोडीच्या मसुद्यात ‘पुरेसे’, ‘समाधानकारक’, ‘योग्य वेळी’ असे शब्द आले की विचारावं : हे मोजायचं कशाने आणि मोजणार कोण? सम संख्येची समिती तर कधीच नेमू नये. नोव्हेंबर १९२६ च्या निवडणुकीत मद्रास सोडून बहुतेक ठिकाणी स्वराज्य पक्ष मागे पडला आणि मध्यप्रांतात १९२७ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळ उभं राहिलं.

याच पक्षाची नाफेरवाद्यांशी असलेली फूट मात्र दोनच वर्षांत सांधली गेली होती. तो फरक अभ्यासण्यासारखा आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यावर गांधीजी फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटले. जुहूला दास आणि मोतीलालजींशी त्यांची बोलणी झाली; निष्पन्न काही झालं नाही, कारण चर्चा ‘कौन्सिलप्रवेश असहकारात बसतो का’ यावर होती. अशा चर्चेत कोणी हरायला तयार नसतं. ऑक्टोबरमध्ये बंगालमध्ये वटहुकुमाने धरपकड झाली, सुभाषचंद्र बोस पकडले गेले, आणि पुढच्याच महिन्यात करार झाला. तो बेळगावच्या अधिवेशनात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली मंजूर झाला. करारात बरोबर कोण याचा उल्लेखच नव्हता. कौन्सिलचं काम काँग्रेसच्या वतीने स्वराज्य पक्षाने करायचं. खादी, अस्पृश्यतानिवारण, हिंदू-मुस्लिम ऐक्य हे काम सर्वांनी करायचं. आणि सदस्यत्वासाठी महिन्याला २००० वार सूत द्यायचं. स्वतः कातायचं नसेल तर दुसऱ्याकडून कातून घेतलेलं चालेल, अशी सूटही ठेवली. पुढे ही अटसुद्धा सैल झाली आणि चरख्यासाठी वेगळा संघ निघाला. कोणाचं मत बदललं नाही, कामाची वाटणी तेवढी झाली. बाहेरून आलेला दट्ट्या कराराला निमित्त ठरला. पण मसुदा कामाच्या भाषेत होता म्हणून तो टिकला.

याच काँग्रेसने दहा वर्षांनी काय केलं ते पाहा. १९३५ च्या कायद्याने प्रांतांत जबाबदार मंत्रिमंडळं आली. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला पदस्वीकाराचा निर्णय मुद्दाम निवडणुकीनंतरपर्यंत पुढे ढकलला गेला. जवाहरलाल आणि समाजवादी विरोधात होते; भांडण आधी झालं असतं तर प्रचाराचं वाटोळं झालं असतं. बहुमत मिळाल्यावर मार्च १९३७ मध्ये अट लिहिली : गव्हर्नर दैनंदिन कारभारात विशेषाधिकार वापरणार नाही असं विधिमंडळातल्या आपल्या नेत्याला जाहीरपणे म्हणता आलं तरच पद घ्यायचं. एप्रिल ते जुलै काँग्रेस बाहेर थांबली; मुंबईत धनजीशा कूपर यांचं अल्पमताचं मंत्रिमंडळ तेवढे दिवस चाललं. व्हाइसरॉयच्या जूनमधल्या निवेदनानंतर वर्ध्याला ७ जुलैला निर्णय झाला. मंत्र्यांचा पगार महिना ५०० रुपये. ती मर्यादा १९३१ च्या कराची ठरावातून आलेली. आणि सर्व मंत्रिमंडळांवर एक पार्लमेंटरी मंडळ : वल्लभभाई, राजेंद्रप्रसाद आणि आझाद.

मद्रासला पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा असं म्हणत) झाले राजगोपालाचारी, म्हणजे गयेला कौन्सिलप्रवेशाला आडवे आलेल्यांचे म्होरके. मंत्रिमंडळांवर देखरेख ठेवणाऱ्या तिघांपैकी दोघे जुने नाफेरवादी. यात ढोंग शोधू नये. पदाची ताकद बदलली होती आणि पद सोडायला लावणारी यंत्रणा उभी राहिली होती. त्यांच्या १९२२ च्या हरकतींना उत्तर मिळालं होतं. ऑक्टोबर १९३९ मध्ये, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्यावर, काँग्रेस कार्यसमितीने सांगताच आठ प्रांतांतली मंत्रिमंडळं काही आठवड्यांत पायउतार झाली. १९२५ मध्ये एका तांब्यांना पक्ष रोखू शकला नव्हता.

या व्यवस्थेची किंमतही सांगायला हवी. जुलै १९३८ मध्ये मध्यप्रांताचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी महाकोशलच्या (प्रांताच्या हिंदीभाषक भागातल्या) मंत्र्यांशी न पटल्याने राजीनामा देऊन नवं मंत्रिमंडळ बनवलं. पार्लमेंटरी मंडळाने त्यांना पायउतार व्हायला लावलं आणि रविशंकर शुक्ल आले. विदर्भात त्याची कटुता पुढे फार काळ राहिली. मतदारांनी निवडलेला माणूस वर्ध्यातल्या बैठकीत बदलतो, ही तक्रार रास्त होती. शिस्तीचा अधिकार जितका वर, तितका प्रांतिक राग मोठा.

हे फक्त आपल्याकडचं नाही, म्हणून जर्मनीच्या ग्रीन पक्षाकडे एकदा पाहू. तिथे गटांना नावंच ‘रेआलो’ (व्यवहारवादी) आणि ‘फुंडी’ (तत्त्वनिष्ठ) अशी पडली. १९८३ मध्ये संसदेत जाताना त्यांनी नियम केला की खासदाराने अर्ध्या मुदतीत जागा सोडायची. हेतू चांगला होता, पण कामाची माहिती झालेला माणूस दोन वर्षांत बाहेर जाई आणि पेट्रा केलींसारख्या नेत्याने नियम पाळायला नकार दिला. अखेर तो सोडावा लागला. पाळता न येणारा कडक नियम, नियम नसण्याइतकाच घातक. उलट नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात सैन्य पाठवण्याचा प्रस्ताव चॅन्सलर श्र्योडर यांनी विश्वासदर्शक ठरावाला जोडला, तेव्हा आठ ग्रीन खासदार युद्धाच्या विरोधात होते. त्यांनी आपापसात वाटणी केली : चौघांनी विरोधात मत दिलं, चौघांनी बाजूने. सरकार वाचलं, विरोधही नोंदला गेला.

आता प्रत्यक्ष संघटनेत हे कसं वापरायचं ते सांगतो. पक्ष असो, आघाडी असो की धरणग्रस्तांची कृती समिती, सरकारशी पहिली बैठक ठरण्यापूर्वी चार गोष्टी ठरावात याव्यात : कोणती निमंत्रणं, समित्या, पदं, मानधन चालेल आणि कोणतं नाही, नावानिशी; पद घेतलेल्याने काय मिळवायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत; ते मिळालं की नाही हे सांगणारे तीन किंवा पाच जण, ज्यांत स्वतः पद घेणारा नसेल; आणि परत बोलावल्यावर किती दिवसांत यायचं. पद नाकारलेल्यांना काय काम द्यायचं हेही त्याच बैठकीत ठरवा. गयेनंतर कडवटपणा वाढला तो बऱ्याच अंशी रिकाम्या हातांमुळे.

चूक बहुधा तिसऱ्या मुद्द्यात होते. तपासणारी माणसं नेत्याच्या विश्वासातली नेमली जातात आणि पहिल्याच निर्णयाला दुसरी बाजू पक्षपात म्हणते. म्हणून ती नावं वाद नसताना, कोणी कुठल्या पदावर डोळा ठेवला आहे हे ठाऊक होण्यापूर्वी ठरवावीत. आणि वागणूक बदलावी लागली, पोलाद विधेयकासारखी एखादी रास्त बाब समोर आली, तर मत देण्यापूर्वी ठराव दुरुस्त करून घ्यावा. सभासदांपुढे तो मांडायला एक संध्याकाळ पुरते.